गजूभाऊचं नाक

हातगाडीवरच्या कढईत वडा सोडला की तेलावर फेस येतो. तेल पुन्हापुन्हा तापवलेलं असलं की तो फेस खाली बसायचं नाव घेत नाही, तेव्हा मला गजूभाऊ आठवतो आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. बायको म्हणते, तुमचे फार नखरे आहेत. आहेतच. त्या माणसाच्या शेडच्या डोक्यावर काही वर्षं राहिलेल्याला तेवढा हक्क असायला हवा. गजूभाऊ माझ्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'तुमी'च म्हणायचो. पण लिहायला बसल्यावर अहोजाहो करायला हात तयार होत नाही, म्हणून इथे 'तो'च म्हणतो.

तो वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा, मी अनसिंगचा. पुण्यात भोसरीच्या पुढे एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मला नोकरी लागली आणि मी खोली शोधत होतो. कुणीतरी सांगितलं, आपल्याकडचा एक माणूस आहे, तेलाचा मोठा व्यापारी आहे, त्याच्या शेडवरची खोली रिकामी आहे. तेलाचा व्यापारी म्हटल्यावर मी गादीवर बसलेला, कपाळाला गंध लावलेला शेठ मनात धरून गेलो. तिथे पत्र्याच्या शेडसमोर स्टुलावर एक काटक माणूस बसलेला. पांढरा स्वच्छ सदरा, बसकं नाक. मी अनसिंगचा म्हटल्यावर तो एकदम उठला, माझी बॅग हातातून घेतली आणि म्हणाला, "अनसिंगवाले! मंग घरचेच झाले ना जी तुमी."

आईनं शंकरपाळे बांधून दिले होते. गावाकडची भेट म्हणून मी डबा त्याच्यापुढे केला. त्यानं झाकण काढलं, डबा नाकाशी नेला, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला. मग झाकण लावून डबा मला परत केला.

"घरचं हाय," तो म्हणाला. "पण तेल दुसऱ्यांदा तापवेल हाय. तुमी खा."

मला राग आला. आईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, हो रे, पापड तळलेलं उरलं होतं, त्यातच काढले.

त्या माणसाला हुंगायची खोडच होती. लॉन्ड्रीतून आलेला सदरा हुंगायचा. भाजीवालीची मेथी हुंगायचा. चहा हुंगल्याशिवाय पीत नसे. कामाला माणूस आला की त्याचा उजवा हात पुढे मागायचा आणि तळवा हुंगायचा. तंबाखू, दारू, विडी, सगळं त्याला तिथे कळे म्हणे. एक मोठा बाप्या दुसऱ्या मोठ्या बाप्याचा हात हुंगतोय आणि तो बिचारा कामाच्या आशेनं हात पुढे धरून उभा आहे, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंसंच झालं. नंतरही कधी सवय झाली नाही.

जेवण मात्र साधूचं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, वरण. पापड भाजलेला. तळलेलं म्हणून काही नाही. "बाहेरचं तळेल म्हन्जे जहर हाय बापू," असं तो ज्याला त्याला सांगायचा. आसपासच्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. बघा, तेलाचा धंदा आहे, पण जिभेवर ताबा कसा आहे.

तो धंदा काय होता हे मला आठवडाभरात कळलं, कारण तो माझ्या पायाखालीच चालायचा. मोठ्या हॉटेलांतलं आणि मंगल कार्यालयांतलं तळून तळून काळं पडलेलं तेल पिंपांत भरून टेम्पोनं यायचं. असलं तेल साबणाला जायला हवं, नाहीतर जाळायला. गजूभाऊ ते भट्टीवर चढवायचा, त्यात पांढरी माती घालायचा, कपड्यातून गाळायचा आणि त्याचा काळेपणा काढायचा. मग भंगारवाल्याकडून आणलेले नामांकित तेलाचे रिकामे डबे धुऊन पुसून त्यांत ते भरायचं, वर नवं कोरं झाकण. झाकण बसवायचं काम तो स्वतः करी. इतकं सफाईदार करी की दुकानातून आत्ता आणलेला डबा शेजारी ठेवला तरी फरक कळू नये. "मी तेलाले दुसरा जल्म देतो," असं तो हसून सांगायचा, आणि ते हसू बघून मला आणखी किळस यायची.

वरच्या खोलीत सगळं चिकट होतं. भिंतीला पाठ टेकली की बनियन सोडवून घ्यावं लागे. उशीला वास, टॉवेलला वास, कंपनीत डबा उघडला की माझ्या पोळीला वास. बसमध्ये शेजारचा माणूस आधी इकडेतिकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग उठून मागे जायचा. तरी मी ती खोली सोडत नव्हतो, कारण तेवढ्या भाड्यात पुण्यात गोठाही मिळाला नसता. आणि मला एकदा ताप भरला तेव्हा हाच माणूस आठवडाभर दोन्ही वेळ मऊ भात आणि वरण घेऊन जिना चढत होता, डॉक्टरकडे हाताला धरून नेत होता. वाईट माणसानं सगळ्या बाबतींत वाईट असावं, म्हणजे आपल्याला बरं पडतं. गजूभाऊनं ती सोय ठेवली नव्हती.

त्याचं गिऱ्हाईक म्हणजे हातगाडीवाले. परभणीकडचे, नांदेडचे, बिहारचे, सगळे बाहेरून पोट भरायला आलेले, त्याच्यासारखेच. एकदा परभणीचा एक वडेवाला तक्रार घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईकाचा घसा धरायलाय. खोकतेत लोकं वडा खाऊन."

गजूभाऊनं शांतपणे विचारलं, "मिरची कोणती वापरून राह्यला?"

"हायेच ती, नेहमीचीच."

"मंग कमी टाक. लोकायले तिखट झेपत नाई आजकाल." आणि वर त्याला दोन शब्द उपदेशाचे, की धंदा करायचा तर गिऱ्हाईकाच्या जिवाची काळजी घ्या लागते. तो वडेवाला मान हलवत डबा घेऊन गेला. मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं, हा आता माझ्याकडे बघून डोळा मारेल. त्यानं मारला नाही. त्याला ते खरंच पटलेलं होतं.

पुण्यातल्या आमच्याकडच्या लोकांचं एक मंडळ होतं. त्यांनी एका रविवारी हॉल घेऊन गजूभाऊचा सत्कार केला. रिकाम्या हातानं आला, स्वतःच्या पायावर उभा राहिला, आपल्या भागातल्या कितीतरी माणसांना कामाला लावलं, अशी भाषणं झाली. शाल झाली, नारळ झाला. गजूभाऊ दोन मिनिटं बोलला. म्हणाला, "माह्या मायनं एकच शिकवलं, दुसऱ्याच्या पोटात चांगलं गेलं पायजे." टाळ्या पडल्या. नंतर बटाटेवडे आले, त्याच्याच वतीनं, त्याच्याच तेलात तळलेले. सभागृहात धंदा ठाऊक नसलेला एकही माणूस नव्हता, आणि सगळे खात होते. अध्यक्षांनी आग्रहानं त्याच्यापुढे प्लेट धरली. तो हात जोडून म्हणाला, "नाई जी, आज माहा गुरुवार हाय." अध्यक्षसुद्धा "अरे हो, हो" म्हणाले. रविवारी. मी माझा वडा कागदात गुंडाळून खुर्चीखाली सरकवला आणि वाकून बघितलं तर तिथे आधीच दोन होते.

त्यानं शिकवण म्हणून मायचं नाव घेतलं, ते मात्र खोटं नव्हतं. ते मला शेलूबाजारला गेल्यावर समजलं.

दिवाळीला गावी जाताना तो मला त्याच्या गाडीतून नेई. शेलूबाजारच्या स्टँडजवळ, जिथे जीपा भरतात, तिथे त्याच्या मायनं सुरू केलेलं भज्यांचं छोटं हॉटेल आहे. माय म्हातारी झाल्यावर ते त्याची बहीण सिंधू चालवू लागली. ती नवऱ्यामागे एकटी, आणि तिची सगळी मदार त्या एका कढईवर. वाशीमकडे, अकोल्याकडे जाणारे जीपवाले मुद्दाम थांबून तिथे खातात, कारण तिचं तेल स्वच्छ असतं. त्या हॉटेलाची एक रीत होती. नवा डबा फुटला की पहिल्या घाण्यातलं पहिलं भजं ज्यानं तेल आणलं त्यानं तिथेच, कढईशेजारी उभं राहून, सगळ्यांदेखत खायचं. माय सांगायची, आणणाऱ्यानं खाल्लं तरच दुसऱ्यानं खावं. तेल द्यायचे गावातले जुने व्यापारी रहमत चाचा. ते दर वेळी स्वतः यायचे, फुंकर मारून भजं तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "बिस्मिल्ला झाली, आता दुकान चालू दे बाई." जीपवाल्यांना ही रीत ठाऊक होती. कढईवर कुणी पाटी लावली नव्हती, पण तिचं दुकान त्या एका भज्यावर चालायचं.

आणि तिथे मी गजूभाऊला तळलेलं खाताना पाहिलं. सिंधूनं प्लेट पुढे केली, आणि यानं न हुंगता, न बघता एक भजं उचललं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. मग मिरची. बोटं चाटली. सगळ्या जगात ती एकच कढई होती जिच्यापुढे त्याचं नाक गप्प बसायचं. सिंधूला भावाचा अभिमान होता. "दादा पुण्यात तेलाचा व्यापारी हाय," असं ती मला सांगत होती, मला! दादा मान खाली घालून भजी खात होता. मला त्या भज्यांची चव आली नाही.

दोन वर्षांनी माय वारली. तेरवीला त्यानं मला बरोबर नेलं. जाण्याआधी शेडमध्ये त्यानं दुकानातून आणलेले खऱ्या तेलाचे चार डबे बाजूला काढून ठेवले. मायच्या तेरवीला आपला माल न्यायचा नाही, एवढं त्यालाही कळत होतं. सिंधूला फोन करून बजावलं, "या बारीले रहमत चाचाले सांगू नको. मायच्या तेरवीचं तेल मी आणतो." टेम्पो आदल्या दिवशी पुढे गेला.

हॉटेलामागच्या अंगणात मांडव होता. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, वरण-भात. आचारी होता, पण पहिली पुरी सिंधूच तळणार होती. डोक्याचे केस काढलेला, पांढरी टोपी, नवा पांढरा सदरा घातलेला गजूभाऊ पाहुण्यांत बसला होता. मी शेजारी. रहमत चाचा दाराशी खुर्चीवर.

तेल तापलं, पुरी पडली आणि कढईवर फेस आला. मी बसलेल्या जागेवरून तो दिसत होता. सिंधूनं झारा फिरवला, जाळ कमी केला, फेस खाली बसेना. रोज कढईशी बसणारी बाई ती. तिनं भावाकडे बघितलं, मग डब्याकडे बघितलं. पुरी ताटलीत घेतली आणि मांडवातून चालत आली.

"दादा, आणणाऱ्यानं पहिलं खा लागते," ती म्हणाली. "माय म्हणे ना."

त्यानं पुरी हातात घेतली आणि नाकाशी नेली. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. रंग उतरला.

"मले आज उपास हाय," तो म्हणाला.

"मायच्या तेरवीले उपास?"

दोघे-तिघे हसले. सिंधू तशीच उभी. "एकच घास घे ना दादा. लोक थांबून राह्यले."

गजूभाऊनं रुमाल काढला, पुरी त्यात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "मांगून खातो," म्हणाला. सिंधू त्याच्या खिशाकडे बघत राहिली. नव्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा डाग हळूहळू पसरत होता.

तो माझ्या कानाशी लागला. "डायवरनं डबे बदलवले."

"मंग सांगा ना तिले," मी म्हणालो. "चूक झाली म्हणा. दुसरं आणता येते."

"कसं सांगू? दुसरे डबे कायचे होते म्हणून इचारलं तं?"

एक वाक्य होतं. चुकीचे डबे आले, एवढंच. सख्ख्या बहिणीची पत त्या एका वाक्यावर होती. त्या मांडवात जे लोक बसले होते तेच उद्या तिचं गिऱ्हाईक होते, आणि आज त्यांच्या पोटात हे गेलं तर सगळा गाव म्हणणार होता की सिंधूच्या कढईनं घात केला. गजूभाऊ हे सगळं जाणून होता, आणि गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. मला त्याच्या शेजारून उठावंसं वाटलं आणि मी उठलो.

सिंधू चुलीकडे गेली. पुऱ्या लाटणारीला म्हणाली, "थांब माय, लाटू नको." दोन्ही हातांत फडकी घेऊन तिनं ती भरली कढई उतरवली आणि अंगणाच्या टोकाला, उकिरड्यावर नेऊन उलटी केली. मग दाराशी जाऊन म्हणाली, "चाचा, दोन डबे पाठवता का?" रहमत चाचा उठून दुकानाकडे गेले. डबे आले, त्यांच्यामागून ते स्वतः आले, नवं तेल तापेपर्यंत कढईशेजारी उभे राहिले आणि पहिली पुरी घेऊन खाल्ली. सगळ्या मांडवानं बघितलं. आज त्यांनी काही विनोद केला नाही. पंगत उशिरा बसली, पण बसली.

आणि मग गजूभाऊ उठला. खिशावर तो डाग घेऊन पुऱ्यांची टोपली हातात धरली आणि पानापानांशी वाकून वाढू लागला. "घ्या ना जी, लाजू नका. मायच्या नावानं पोटभर जेवा." एका म्हाताऱ्याला तर त्यानं बळेबळे दोन पुऱ्या वाढल्या. मी पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली आहेत, पण ते बघून मला पहिल्या वाढीनंतर ताटावर बसवेना.

दुपारी टेम्पो परत निघाला तेव्हा तो फुटलेला एक आणि न फुटलेले तीन असे चारही डबे त्यानं मोजून चढवले. मी बघतो आहे म्हटल्यावर म्हणाला, "वाया कायले घालवा? पुण्यात खपते." रस्ताभर तो सिंधूवर चिडलेला होता. बाईला धंदा समजत नाही, चार लोकांत इज्जत घालवली, असं म्हणत होता. पुण्याला पोचल्यावर मी दुसरी खोली बघायला लागलो, दुप्पट भाड्याची, आणि मिळाली तशी गेलो. जाताना त्यानं मला गावाकडून आणलेली तुरीची डाळ दिली. ती मी बसस्टॉपवर ठेवून निघून आलो.

त्यानंतर त्याची माझी गाठ नव्हती. गेल्या वर्षी अनसिंगहून अकोल्याला एका लग्नाला निघालो होतो, आणि जीप शेलूबाजारला थांबली. सिंधूच्या हॉटेलासमोर बाकडी भरलेली होती. चूल धडधडत होती. एका बाजूला पांढरी गाडी, आणि तिला टेकून गजूभाऊ उभा. केस पिकलेले, सदरा तसाच स्वच्छ. त्यानं मला ओळखलं, "अनसिंगवाले," म्हणाला.

मग तो कढईपाशी गेला. किती दिवसांनी आला होता कोण जाणे. हलक्या आवाजात म्हणाला, "सिंधे, एक पलेट देतं का?"

सिंधूनं वर बघितलं. तळून ठेवलेली भजी तिनं त्याला दिली नाहीत. नवा घाणा सोडला, नीट लाल होऊ दिला, झाऱ्यानं निथळवला, प्लेटमध्ये मीठ लावलेल्या दोन मिरच्या ठेवल्या आणि प्लेट स्वतः त्याच्या हातात दिली. मी हातातला चहा प्यायचा थांबलो. तिचा राग इतक्या वर्षांनी उतरला होता, ते तिच्या हातांवरून दिसत होतं.

गजूभाऊनं एक भजं उचललं. ते तोंडाकडे गेलं, आणि तोंडाजवळ जाऊन थांबलं. जेमतेम क्षणभर. नाकपुड्या हलल्या.

सिंधूनं ते पाहिलं.

"माह्या घरचंही हुंगतं का रे दादा?" ती म्हणाली.

"अवं नाई, सवय हाय, मी सहज..."

तिनं त्याच्या हातातून प्लेट काढून घेतली आणि बाकड्यावरच्या जीपवाल्यापुढे ठेवली. जीपवाला कुणाशी तरी बोलत होता. त्यानं तिकडेच बघत दोन भजी एकदम तोंडात टाकली. सिंधूनं पुढचा घाणा सोडला.

एक भजं गजूभाऊच्या हातातच राहिलं होतं. मग त्यानं खिशातून रुमाल काढला.